दोन सुवर्णं खिशात असताना साडेचार गिरक्यांचा हट्ट कशाला? (विषय: युझुरु हान्यू)

मालवी_बाबा | रात्री ११:४८
नमस्कार मंडळी. बाहेर ४२ डिग्री आहे, कूलरमध्ये पाणी भरून आलोय आणि लिहितोय बर्फावरच्या माणसाबद्दल, तेव्हा आधीच माफी.

झालं असं की लेक (वय ९) गेल्या वर्षापासून स्केटिंगला जाते. चाकांवरचं हो, आपल्या इंदुरात बर्फ कुठला. तिथल्या एका ताईने तिला मोबाइलवर युझुरु हान्यू दाखवला आणि तेव्हापासून तीन आठवडे आमच्या घरी जेवताना रोज जपान चालू आहे. आधी मी कुरकुर केली, नंतर ती झोपल्यावर मीच एकटा बघत बसायला लागलो. बायको म्हणते रात्री सराफ्यात खायला चला म्हटलं की तुम्हाला दहालाच झोप येते आणि या मुलासाठी दोन वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे.

ज्यांना कैच माहीत नाही त्यांच्यासाठी. हा सेंदाईचा मुलगा, जन्म डिसेंबर १९९४, लहानपणापासून दमा. २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये १९ व्या वर्षी सुवर्ण, पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये सुवर्ण मिळवणारा पहिला आशियाई. २०१८ ला प्योंगचांगमध्ये परत सुवर्ण. पुरुषांत लागोपाठ दोन सुवर्णं त्याच्या आधी डिक बटनने घेतली होती, १९४८ आणि १९५२ ला, म्हणजे मध्ये ६६ वर्षं. तिसरं मिळालं असतं तर थेट स्वीडनच्या गिलिस ग्राफस्ट्रॉमच्या शेजारी जाऊन बसला असता, ज्याने १९२०, १९२४, १९२८ अशी तीन घेतली.

आणि बीजिंग २०२२ ला या गड्याने काय करावं? जी उडी तोपर्यंत जगात कोणालाच स्पर्धेत जमली नव्हती ती, क्वाड एक्सेल, म्हणजे हवेत साडेचार गिरक्या, कार्यक्रमात सगळ्यात पहिली ठेवली. पडला. चौथा आला. पदक नाही.

माझं मत स्पष्ट आहे, हा हट्ट होता. जे येतं ते नीट करून तिसरं पदक घेऊन घरी जायचं ना. लेक माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीये या मतामुळे. तुम्हाला काय वाटतं?

पोहे_जलेबी_भिया | रात्री ११:५५
भिया, अपना बर्फाशी संबंध गोळ्यापुरता आणि लग्नातल्या मठ्ठ्यापुरता. पण धागा वाचणार, लिहा लोक्स.

बर्फवेडी | रात्री १२:२०
अरे वा, शेवटी कोणीतरी हा विषय काढला! मी २०१० पासून बघतेय, घरच्यांनी वेड्यात काढलंय, आता लिहू द्या सविस्तर.

आधी एक्सेल म्हणजे काय ते, नाहीतर चर्चा हवेत जाईल. उड्या सहा प्रकारच्या असतात, एक्सेल, लुट्झ, लूप, सालकाव वगैरे, आणि हवेत चार गिरक्या घेतल्या की ती क्वाड. पाच प्रकारांत स्केटर पाठमोरा उडतो, एकट्या एक्सेलमध्ये समोर तोंड करून उडतो. उतरायचं मात्र सगळ्यांनीच पाठमोरं. म्हणून एक्सेलमध्ये अर्धी गिरकी आपोआप जास्त पडते, चारची साडेचार होते. नाव नॉर्वेच्या एक्सेल पॉलसनचं, त्याने १८८२ मध्ये व्हिएन्नाला पहिल्यांदा ही उडी दाखवली, तेव्हा दीड गिरकीची. दीडवरून साडेचारवर यायला माणसाला १४० वर्षं लागली. आणि हवेत वेळ किती मिळतो, तर सेकंदाच्या सात दशांशाच्या आसपास. "अगं बाई" म्हणेपर्यंत माणूस खाली.

आता हिशेब. २०१८ पर्यंत क्वाड एक्सेलची मूळ किंमत (नुसत्या उडीचे गुण, सफाईचे वेगळे) १५ गुण होती. मग नियम बदलले, सगळ्या क्वाडचे भाव पाडले, एक्सेल १२.५० वर आली. तिच्या खालोखालची क्वाड लुट्झ ११.५०. म्हणजे जगात कोणाला न जमलेल्या उडीसाठी लुट्झपेक्षा फक्त एक गुण जास्त! पडलात तर वरून कापणार ते वेगळंच. हे हान्यूला पाठ होतं. त्यामुळे मालवी_बाबा, तुम्ही हट्ट म्हणताय ते हिशेबाने बरोबर आहे. पण त्याने हिशेब केला नव्हता असं म्हणू नका, त्याने हिशेब केला आणि बाजूला ठेवला.

ग्वाल्हेरचा_नातू | रात्री १२:३१
+१. भाव पाडले हे आवडलं, कांद्यासारखं.

सेवउसळ_बडोदे | सकाळी ७:०५
मी बाबांच्या बाजूने. खेळ जिंकायला असतो. ही क्वाडची भांडणं जुनी आहेत, २०१० चं व्हँकुव्हर आठवा. रशियाच्या प्लुशेन्कोने क्वाड मारली, अमेरिकेच्या लायसाचेकने एकही क्वाड न मारता सगळं स्वच्छ केलं आणि सुवर्ण लायसाचेकला. फरक १.३१ गुणांचा. प्लुशेन्को केवढा भडकला होता. आणि हान्यूचं लहानपणीचं दैवत कोण? प्लुशेन्कोच. त्याच्यासारखे केस कापून घेतले होते पोराने. तर मुद्दा असा की दैवत कसं हरलं ते १५ व्या वर्षी बघितलेल्या मुलाने धडा घ्यायला पाहिजे होता.

बाकी सकाळी सकाळी पोहे-जलेबीवाल्यांना नमस्कार, आमच्याकडे सेवउसळ सुरू झाली.

पोहे_जलेबी_भिया | सकाळी ७:११
सकाळी सातला तिखटजाळ सेवउसळ? पोटात क्वाड एक्सेल होईल भिया.

सेवउसळ_बडोदे | सकाळी ७:१३
आणि पोह्यांबरोबर पाकात बुडवलेली जलेबी खाणारे आम्हाला शिकवणार.

बर्फवेडी | सकाळी ८:४०
खाण्यावर नका नेऊ हो, दर धाग्याचं तेच होतं.

सेवउसळ दादा, धडा त्याने घेतला होता, पण वेगळा. व्हँकुव्हरनंतर तो काय करत गेला बघा. स्पर्धा दोन भागांत असते, आधी छोटा शॉर्ट प्रोग्रॅम, मग मोठा फ्री प्रोग्रॅम, दोन्ही मिळून एकूण गुण. सोचीला शॉर्टमध्ये १०१.४५, शंभरच्या वर जाणारा जगातला पहिला पुरुष. २०१५ ला नागानोच्या स्पर्धेत एकूण ३२२.४०. तोपर्यंत तीनशे कोणी ओलांडले नव्हते. लोक म्हणाले बास, आता हे कोण मोडणार. दोन आठवड्यांनी बार्सिलोनाला त्यानेच मोडलं, ३३०.४३. २०१६ ला माँट्रियलमध्ये क्वाड लूप, स्पर्धेत करणारा पहिला माणूस. हा काही बेभान उड्या मारणारा नव्हता, त्याला गुण कसे मिळतात ते उत्तम कळत होतं. २०१५-१६ चा तो सेमेई नावाचा कार्यक्रम बघा नक्की, आबे नो सेमेई नावाच्या जुन्या काळच्या ज्योतिषी-मांत्रिकावरचा. त्यासाठी क्योगेन या त्यांच्या जुन्या नाट्यप्रकारातल्या मोठ्या नटाकडे, नोमुरा मान्साईंकडे जाऊन बसला होता, हात कसा उचलायचा, कुठे थांबायचं ते विचारायला. पहिली बोटं वर जातात तिथेच मी खलास होते दरवेळी.

आबा_रामबाग | सकाळी ९:१५
मुलांनो, मला नातवाने हा धागा उघडून दिला आहे. वय ७२. बर्फ मी एकदाच बघितला, शिमल्याला, तोही चिखल झालेला. पण मल्लखांब तरुणपणी वीस वर्षं केला आणि नंतर शिकवला, तेव्हा दोन शब्द.

काल रात्री नातवाने ती पडण्याची उडी दाखवली. मी त्याला चार वेळा परत लावायला सांगितली. वर जाताना शरीर एका काडीसारखं आहे, हात छातीशी आवळलेले, पायाला पायाची अढी. आमच्याकडे पुरलेल्या खांबावर फिरकी घेताना हेच सांगतो, सुटलास की पसरलास, पसरलास की मंद झालास. फरक इतकाच की आमच्या हातात खांब असतो, एरंडेल लावलेला असला तरी खांब असतो. याच्या हातात काहीच नाही. खाली येताना बोटभर जाडीचंसुद्धा नाही असं पातं, आणि तेही पाठमोरं. मला घाम फुटला पंख्याखाली.

हट्ट की काय ते नंतर सांगतो. आधी अजून बघतो.

मालवी_बाबा | सकाळी ९:४०
आबा, तुम्ही लिहिलंत, धागा सार्थकी लागला. लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणाली "आबांना विचारा पायाची अढी किती घट्ट". सध्या तिची वॉल्ट्झ जंप चालू आहे, समोरून उडून अर्धी गिरकी, सर म्हणतात एक्सेलची ती पहिली पायरी. अर्ध्या गिरकीला दोन्ही गुडघे फुटलेत.

हाडं_आणि_मी | सकाळी १०:२२
फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून घोट्याबद्दल बोलतो.

तो उजव्या पायावर उतरतो. प्रत्येक उडीला, हजारो वेळा, आयुष्यभर. नोव्हेंबर २०१७ मध्ये जपानमधल्या स्पर्धेच्या सरावात क्वाड लुट्झला पडला, उजव्या घोट्याचं बाहेरचं लिगामेंट गेलं. ऑलिंपिकला तीन महिने. मधली एकही स्पर्धा खेळला नाही आणि थेट प्योंगचांगला शॉर्टमध्ये १११.६८ मारले, एकूण ३१७.८५, सुवर्ण. २०१८ च्या नोव्हेंबरात मॉस्कोत परत तोच घोटा, फ्री प्रोग्रॅमच्या दिवशी सकाळच्या सरावात, तरी खेळून जिंकला आणि कुबड्यांवर बक्षीस घ्यायला आला. बीजिंगला फ्री प्रोग्रॅमच्या आदल्या दिवशी सरावात परत तोच घोटा, वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरला हे त्याने नंतर स्वतः पत्रकारांना सांगितलं.

माझ्याकडे एकदा मुरगळलेला घोटा घेऊन येणारे लोक सहा आठवड्यांनी जिना उतरताना कठडा धरतात. दुखापतीपेक्षा भीती उशिरा जाते. याची भीती कुठे गेली होती देव जाणे. डॉक्टर म्हणून मी त्याला परवानगी दिली नसती, हे नक्की. आणि २०१४ चा शांघायचा प्रकार तर बघवतच नाही, वॉर्म-अपमध्ये चीनच्या यान हानशी समोरासमोर धडक, हनुवटीतून रक्त, डोक्याला पट्टी बांधून कार्यक्रम केला, पाच वेळा पडला, तरी रौप्य. लोक त्याला शौर्य म्हणतात. डोक्याला मार बसलेल्या माणसाला बर्फावर सोडणं मला शौर्य वाटत नाही, मोठ्यांची चूक वाटते.

तन्वी_विजयनगर | सकाळी १०:५०
शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के सहमत. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. कोणीतरी नाही म्हणायला हवं होतं.

बर्फवेडी | सकाळी ११:०२
त्याचे कोच ब्रायन ऑर्सर, टोरोंटोचे. २०१२ पासून तो त्यांच्याकडे होता. ऑर्सर स्वतः १९८४ आणि १९८८ दोन्हीकडे रौप्य, १९८८ ला तर घरच्या कॅल्गरीत दुसऱ्या ब्रायनकडून, बॉयटानोकडून, थोडक्यात हरलेले. ज्याला सुवर्ण दोनदा हुकलं त्याच्या शिष्याने दोनदा आणलं. ही गोष्ट मला फार आवडते.

शांघायबद्दल मात्र मीही तुमच्याच बाजूला.

नुसतं_बघणारा | दुपारी १:३०
सगळे भावुक झालेत म्हणून लिहितो. धागा अमेरिकेच्या नेथन चेनवर असायला हवा होता. सॉल्ट लेक सिटीचा, पाच भावंडांत धाकटा, पाच प्रकारच्या क्वाड स्पर्धेत करणारा पहिला. २०१८ ऑलिंपिकच्या शॉर्टमध्ये पूर्ण कोसळला, सतरावा. दुसऱ्या दिवशी फ्रीमध्ये सहा क्वाड मारून त्या भागात पहिला आला आणि सतराव्यावरून पाचव्यावर चढला. एका महिन्यात मिलानला विश्वविजेता, ४७.६३ गुणांच्या फरकाने. मग येल विद्यापीठात शिकता शिकता अजून दोन विश्वविजेतेपदं. बीजिंगला शॉर्टमध्ये ११३.९७, विश्वविक्रम, एकूण ३३२.६० आणि सुवर्ण. ना नाटक, ना अश्रू, ना बाहुल्यांचा पाऊस. असा असतो चॅम्पियन. हान्यू त्या दिवशी एक्सेल सोडूनही हरला असता.

पोहे_जलेबी_भिया | दुपारी १:३४
बाहुल्यांचा पाऊस म्हणजे?

तन्वी_विजयनगर | दुपारी १:४१
हान्यूचा टिश्यू पेपरचा डबा कार्टूनमधल्या पू अस्वलाचा असतो म्हणून चाहते कार्यक्रम संपला की बर्फावर पू अस्वलं फेकतात. शेकड्यांनी. सगळा रिंक पिवळा होतो, छोट्या मुली पिशव्या घेऊन उचलत फिरतात. नंतर तो तिथल्याच मुलांना वाटायला देऊन टाकतो.

पोहे_जलेबी_भिया | दुपारी १:४४
इंदुरात फेकून दाखवा. नगर निगमची कचऱ्याची पिवळी गाडी गाणं वाजवत रिंकमध्ये शिरेल आणि विचारेल ओला की सुका.

ग्वाल्हेरचा_नातू | दुपारी १:४६
😂😂 सुका, पण अश्रूंनी ओला झालेला.

मालवी_बाबा | दुपारी ३:१०
नेथनबद्दल वाद नाही, तोही अफाट. पण हान्यूला नाटकी म्हणू नका. भूकंपाचं तुम्हाला माहीत आहे का?

११ मार्च २०११. १६ वर्षांचा होता, सेंदाईच्या रिंकवर सराव करत होता. जमीन हलली, पायात स्केट्स तसेच, बाहेर पळाला. घर राहण्यासारखं नव्हतं, घरच्यांबरोबर काही दिवस निवारा केंद्रात काढले. रिंक बंद. बरं हा साधासुधा रिंक नव्हे, २००६ ला तोरिनोला सुवर्ण मिळवणारी शिझुका अराकावा तिथेच घडली होती. मग सरावाला जागाच नाही म्हणून वर्षभरात गावोगावचे साठेक आइस शो केले, शो झाला की तिथल्या बर्फावर सराव. आणि पुढच्याच वर्षी नीसला जागतिक स्पर्धेत कांस्य! नंतर त्या रिंकसाठी आत्मचरित्राची रॉयल्टी देऊन टाकली.

हे मी लेकीला सांगितलं तर तिचा प्रश्न एकच, "बूट काढायला पण वेळ नाही मिळाला?" मी म्हटलं नाही. मग बराच वेळ गप्प, आणि झोपायच्या आधी तिने स्वतःचे स्केट्स पलंगाखालून काढून दाराजवळ ठेवले.

सेवउसळ_बडोदे | दुपारी ३:३५
हे वाचून एकदम आठवलं. २६ जानेवारी २००१, मी सातवीत होतो बडोद्यात. झेंडावंदन होऊन आम्ही ग्राउंडवर रांगेतच उभे होतो, पावणेनऊच्या सुमारास पायाखालून कोणीतरी सतरंजी ओढतंय असं झालं. समोरची पाण्याची टाकी हलताना दिसली आणि तिच्यातून पाणी सांडत होतं. कच्छ कुठे, आम्ही कुठे, तरी इतकं. घरी गेलो तर आजी अंगणात खुर्ची टाकून बसलेली, तीन दिवस आत झोपायला तयार नव्हती. मी स्वतः कितीतरी महिने रात्री चपला उशाशी घेऊन झोपायचो. तुमच्या लेकीचं बरोबर आहे हो.

मत मात्र बदललेलं नाही माझं. 🙂 पदक हातचं घालवलं.

बर्फवेडी | संध्याकाळी ६:१५
हातचं घालवलं म्हणताय ना, तर आता मूळ प्रश्नावर येऊ. ऑफिसमध्ये दिवसभर हेच डोक्यात होतं, जेवणाच्या सुट्टीत कागदावर मांडलं.

शॉर्ट प्रोग्रॅम. पहिलीच उडी क्वाड सालकाव. ही त्याची सगळ्यात भरवशाची. उडायच्या क्षणी पातं बर्फातल्या एका खड्ड्यात गेलं, कोणीतरी आधी उडी मारताना पडलेला खड्डा. चारच्या जागी एकच गिरकी झाली, आणि शॉर्टमध्ये एका गिरकीच्या सालकावला शून्य. नुसती मूळ किंमत ९.७० गेली, वर सफाईचे जे मिळाले असते ते वेगळे. ९५.१५, आठवा. तिकडे नेथन ११३.९७. म्हणजे फ्रीला उतरायच्या आधीच १८.८२ ने मागे.

फ्रीमध्ये नेथनने २१८.६३ केले. हान्यूचा स्वतःचा फ्रीचा सगळ्यात मोठा आकडा जुन्या नियमांतला, २२३.२०, हेलसिंकी २०१७, शॉर्टनंतर पाचवा असताना मारला होता. तेव्हा कार्यक्रम साडेचार मिनिटांचा होता, २०१८ नंतर चार मिनिटांचा झाला. त्यामुळे नुसतं_बघणारा म्हणतात ते खरंय, त्या दिवशी एक्सेल काढून टाकली असती तरी सुवर्ण नव्हतं.

कांस्य? ते मिळालेल्या शोमा उनोला २९३.००, हान्यूला २८३.२१. फरक ९.७९. आणि त्या खड्ड्यात गेलेल्या सालकावची नुसती मूळ किंमत ९.७०! पदक एक्सेलने नाही, खड्ड्याने नेलं.

मालवी_बाबा | संध्याकाळी ६:३०
थांबा थांबा. म्हणजे मी ज्यावरून लेकीशी भांडलो तो मुद्दाच चुकीचा?

बर्फवेडी | संध्याकाळी ६:३३
अर्धा. 🙂 एक्सेल सोडली असती तर कांस्य बहुतेक मिळालं असतं, तेवढं तुमचं खरं. पण तिसरं सुवर्ण सोडून तो एक्सेलमागे गेला हे चूक. शॉर्टनंतर तिसरं सुवर्ण तिथे नव्हतंच.

आणि अजून एक. बीजिंगला ती उडी गिरकीत थोडी कमी पडली आणि तो आपटला, पण पंचांनी कागदावर ती क्वाड एक्सेल म्हणूनच लिहिली, अपुरी अशी खूण करून. त्याआधी डिसेंबरात जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत मारली होती तेव्हा तिला ट्रिपलचाच, म्हणजे एक गिरकी कमी असलेल्या एक्सेलचा, दर्जा दिला होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या गुणपत्रिकेवर 'क्वाड एक्सेल' ही अक्षरं पहिल्यांदा आली ती त्याच्या नावापुढे.

नुसतं_बघणारा | संध्याकाळी ६:५०
अपुरी ती अपुरीच. सात महिन्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लेक प्लॅसिडला १७ वर्षांच्या इलिया मालिनिनने पूर्ण करून दाखवली. इतिहासात नाव त्याचं. पहिली क्वाड म्हटलं की १९८८ चा बुडापेस्टचा कर्ट ब्राउनिंगच आठवतो ना, त्याआधी कोण कोण पडलं ते कोणाला आठवतं?

हाडं_आणि_मी | संध्याकाळी ७:०२
हान्यूने १९ जुलै २०२२ ला स्पर्धा सोडल्या. म्हणजे मालिनिनच्या उडीच्या दोन महिने आधी. नशीब पण कसं असतं.

आबा_रामबाग | रात्री ८:२०
दिवसभर बघितलं. आता सांगतो.

आमचे वडील होळकर संघाच्या मॅचेस बघायचे यशवंत क्लबच्या मैदानावर. सी. के. नायडू, मुश्ताक अली. मुश्ताक अलींबद्दल बोलायला लागले की जेवायचं विसरायचे. फास्ट बॉलर धावत यायला लागला की हा माणूस क्रीज सोडून पुढे चालू लागायचा, असं सांगायचे, आणि सांगताना ताटावरून उठून आम्हाला चालून दाखवायचे. आता तुमच्या हिशेबाने मांडा. ११ कसोट्या, सरासरी ३२. १९३६ ला मँचेस्टरला शतक, परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय, ते एक सोडलं तर कागदावर फार काही नाही. पण ८० वर्षं झाली, या गावात त्या चालण्याची गोष्ट अजून सांगतात. सरासरी मला आज नातवाने शोधून दिली तेव्हा कळली.

हट्टच होता तो, मालवी_बाबा. तुम्ही बरोबर. फक्त पदकासाठी तो हट्ट नव्हताच, मग पदक गेल्याचा जाब त्याला कशाला विचारायचा.

सेवउसळ_बडोदे | रात्री ८:३१
आबा, तुमच्यापुढे काय बोलणार. पण आमचे विजय हजारे शांतपणे क्रीजमध्ये उभे राहून धावा करायचे हो.

आबा_रामबाग | रात्री ८:३८
हजारे मोठेच. ॲडलेडला एकाच कसोटीत दोन शतकं. त्यांच्यासमोर हात जोडतो. पण चालून दाखवता येत नाहीत.

पोहे_जलेबी_भिया | रात्री ८:४०
आबा ऑन फायर. 🔥

तन्वी_विजयनगर | रात्री ९:०५
विषयांतर करते, पण स्पर्धा सोडल्यावर तो घरी बसला नाहीये. फेब्रुवारी २०२३ मध्ये टोकियो डोममध्ये, जिथे बेसबॉल खेळतात तिथे, बर्फ घालून एकट्याचा शो केला. ३५ हजार लोक, एक माणूस. मला एवढं विचारायचंय की आपल्या देशात खरा बर्फ कुठे मिळेल शिकायला? भाची मागे लागलीय.

बर्फवेडी | रात्री ९:२०
शिमल्याला नैसर्गिक बर्फाचा रिंक आहे, १९२० पासूनचा, पण तो थंडी पडली तरच, सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ. गुरुग्रामला मॉलमध्ये छोटा आहे. इथे राहून करायचं तर चाकांवरच पाया पक्का करा, कडांवरचं वजन, वळणं, वॉल्ट्झ जंप, सगळं तिथे शिकता येतं. माझी स्वतःची प्रगती विचारू नका, गुरुग्रामला वीस मिनिटं कठडा धरून उभी होते, शेजारून पाच वर्षांची मुलगी उलटी निघून गेली आणि जाता जाता मला "आंटी घुटने मोड़ो" सांगून गेली.

मालवी_बाबा | रात्री १०:१०
लेकीने आत्ता सगळा धागा वाचला. (भांडण मिटलं, आबांच्या नावाने.) तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत टाकतोय, कारण ती शेजारी उभी राहून बघतेय मी बदलतो का ते:

"बाबा तुम्ही सगळे तो पहिल्या उडीला पडला एवढंच लिहिता. तो दुसऱ्या उडीला पण पडला, सालकावला. आणि मग राहिलेल्या सगळ्या नीट मारल्या. एक पण पडला नाही. ते कोणीच नै लिहिलं."

मी परत लावून बघितलं. खरंच. पहिल्या दोन उड्यांत दोनदा आपटून, तोही इंजेक्शन दिलेल्या पायावर, पुढे एकही चूक नाही. त्या दिवसाच्या फ्रीमध्ये तिसरा नंबर आहे त्याचा, १८८.०६. मी दहा वेळा तरी बघितलं असेल, पण दरवेळी दुसऱ्या पडण्यानंतर कमेंट वाचायला खाली जायचो.

बर्फवेडी | रात्री १०:१४
मी १६ वर्षं बघतेय आणि मीही ते लिहिलं नाही. लेकीला माझा साष्टांग.

नुसतं_बघणारा | रात्री १०:२०
बरोबर आहे पोरीचं. तरी नेथनच.

आबा_रामबाग | रात्री १०:२५
तिला सांगा, अढी इतकी घट्ट की मध्ये वर्तमानपत्र धरलं तर पडायला नको. आधी जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. चाकांवर नंतर. आणि गुडघ्यांना हळद-तेल.

हाडं_आणि_मी | रात्री १०:२७
हळद-तेल नंतर आबा, आधी नी-पॅड. बाबा, वॉल्ट्झ जंपला नी-पॅडशिवाय पाठवू नका.

मालवी_बाबा | रात्री १०:३३
नी-पॅड आहेत, सर म्हणतात घाला, ती म्हणते हान्यू घालत नाही. आता भिंतीला पाठ लावून उभी आहे, मध्ये आजचा पेपर. दोनदा पडला. उद्या पाचला उठायचंय, दिवा बंद करू देत नाहीये.

पोहे_जलेबी_भिया | रात्री १०:३६
क्लास सुटला की घेऊन या भिया तिला, पोहे आपल्याकडून. जलेबी एक्स्ट्रा.